शेवटची गाडी

भोरच्या एस.टी. स्थानकावर दुपारी चारनंतर जाऊन उभे राहावे. पाठीला सॅक लावलेल्या मुलींचा घोळका गाडीची वाट पाहत असतो. एकीच्या हातात मोबाइल आणि बाकीच्यांच्या माना त्यात. हे दृश्य पाहून मी बरीच वर्षे मनात म्हणत आलो, ‘काय ही पिढी! तास संपला, की पळाली. ना गप्पा, ना नाटकाच्या तालमी. आमच्या वेळी...’

निवृत्त शिक्षकाला ‘आमच्या वेळी’ म्हणायची खोडच असते. तेव्हा ती वेळ नेमकी कशी होती, हे आज जरा तपासून पाहू या.

कॉलेजचे जग कधीच एका जागी थांबलेले नाही. टिळक आणि आगरकर यांची मैत्री डेक्कन कॉलेजात शिकताना जमली. पुढे १ जानेवारी १८८० रोजी चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले, तेव्हा टिळक अवघे तेवीस वर्षांचे होते. आगरकर थोड्याच काळात येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. सरकारी नोकरीकडे पाठ फिरवलेल्या तरुणांनी शिक्षणाचे रूप बदलले. मात्र त्या आवारात येणारा विद्यार्थी बहुतेक उच्चवर्णीय घरातला आणि जवळजवळ नेहमीच मुलगा असे.

तेव्हा आमचा मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. संस्थानातही राजगड नावाचा तालुका होताच. नावे गेली, नावे परत आली, पण डोंगरातल्या वाडीपासून कॉलेजच्या दारापर्यंतचे अंतर काही कमी झाले नाही.

ते अंतर तोडण्याची पहिली मोठी खटपट आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात झाली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. ‘कमवा आणि शिका’ हा तिथला मंत्र. हातात खोरे घेऊन शिकणारा विद्यार्थी कॉलेजच्या आवारात दिसू लागला. पुढे यशवंतराव चव्हाण यांच्या काळात कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांना फी माफ झाली. बाराशे रुपयांची ही ई.बी.सी. सवलत मिळाली नसती, तर माझ्यासारखे कितीतरी जण गुरांमागेच राहिले असते.

जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन मी १९७३ साली वेल्ह्याहून पुण्याला गेलो. नाना पेठेत गावकऱ्यांची एक खोली होती. दिवसभर हमाली करून आलेली माणसे तिथे रात्री पाठ टेकत आणि मी दिव्याखाली पुस्तक उघडून बसे. कॉलेजात मी शेवटच्या बाकावर. तोंड उघडले, तर ‘ण’चा ‘न’ व्हायचा आणि पुढचे बाक हसायचे. कँटीनच्या दिशेला मी वर्षभर फिरकलो नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही मावळ-मुळशी-वेल्ह्याच्या पाच-सहा जणांनी धीर करून स्नेहसंमेलनात भारूड केले. आधी हशा झाला, मग टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी आम्हाला आमंत्रण आले. त्याच सुमारास राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आमच्या भागात भरले. ही योजना देशातल्या ३७ विद्यापीठांत १९६९ मध्ये सुरू झाली होती. पुण्यातली मुले बांध घालायला आली, घोंगडीवर बसली, नाचणीची भाकरी खाऊन गेली. त्यानंतर कँटीनमध्ये माझ्यासाठी खुर्ची सरकवली जाऊ लागली. जुन्या प्राध्यापकांपैकी काहींना तेव्हा वाटत असे, की या खेडवळ पोरांनी कॉलेजची शान घालवली.

म्हणजे तक्रार तेव्हाही होती. फरक इतकाच, की तेव्हा ती माझ्याबद्दल होती.

मग कॉलेजच गावाकडे आले. १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली, दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला आणि अकरावी-बारावीचे वर्ग तालुक्याच्या शाळांना जोडले जाऊ लागले. पुढे भोर, धांगवडी, विंझर अशा ठिकाणी महाविद्यालये झाली. मुलाला पुण्यात खोली करून देणारा बाप मुलीला देत नव्हता. पण संध्याकाळी घरी येणार असेल, तर जाऊ दे, असे तो म्हणू लागला. १९९४ च्या महिला धोरणानंतर सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव झाल्या आणि मुलीच्या शिक्षणाकडे घरची माणसे वेगळ्या नजरेने पाहू लागली. आज पहाटे मैदानावर पोलीस भरतीसाठी पळणाऱ्यांत मुलीही असतात. आमच्या वेळी त्या मैदानाच्या कडेनेसुद्धा जात नसत.

आता पुन्हा स्थानकावर येऊ. एकदा न राहवून मी त्या मुलींना विचारलेच, ‘‘पोरींनो, स्नेहसंमेलनाच्या तालमीला का थांबत नाही?’’

एक जण म्हणाली, ‘‘सर, ही गाडी चुकली, तर पुढची अंधारात. एकदा अंधारात घरी गेलं, की दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद.’’

ती हे रडत सांगत नव्हती, हिशेब सांगावा तसे सांगत होती. बारावीपर्यंत मुलींना एस.टी.चा प्रवास मोफत. पदवीला गेले, की सवलतीच्या पासाचे पैसे घरी मागावे लागतात. तेही गाडी चुकवून चालत नाही, याचे एक कारण.

मग तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. नाटकातले संवाद ध्वनिमुद्रित करून त्यांनी एकमेकींना पाठवले होते. तालीम गाडीत होई, मागच्या बाकांवर. करोनाच्या काळात रेंज मिळावी म्हणून टेकाडावर बसून तास ऐकलेल्या या मुली. मोबाइल त्यांना करमणूक देत असेलच, पण वही आणि कट्टाही तोच देतो.

त्या वर्षी मुलींनी प्राचार्यांकडे अर्ज केला, की संमेलन रात्रीऐवजी सकाळी अकरा ते तीन भरवावे. थोडी कुरकुर झाली, पण संमेलन दुपारी झाले. मी गेलो होतो. रोषणाई नव्हती. मात्र पुढच्या रांगांत मुलींच्या आया बसल्या होत्या. रात्रीच्या संमेलनाला त्या कधी आल्या नव्हत्या.

गेली काही वर्षे नव्या शैक्षणिक धोरणाची, नव्या अभ्यासक्रमांची चर्चा चालू आहे. ती व्हायलाच हवी. पण आमच्याकडच्या कोणत्याही महाविद्यालयाने वेळापत्रक लावताना शेजारी एस.टी.चे वेळापत्रक ठेवावे, एवढे माझे मागणे आहे. शेवटचा तास आणि शेवटची गाडी यांच्यात अर्धा तास ठेवला, तर एखादीचे पदवीचे वर्ष वाचेल.

मी आता ‘आमच्या वेळी’ म्हणायचे सोडले आहे. अधूनमधून तोंडावर येते. तेव्हा नाना पेठेतली ती खोली आठवतो आणि गप्प बसतो.