अखयनिवी आणि शाश्वत विकास : सह्याद्रीतील लेण्यांची साक्ष

संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ साली शाश्वत विकासाची व्याख्या केली. आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, परंतु पुढील पिढ्यांची गरजा भागविण्याची क्षमता त्यामुळे खुंटू नये, असा तिचा आशय आहे. १९९२ ची रिओ परिषद आणि २०१५ साली राष्ट्रसंघाने स्वीकारलेली १७ उद्दिष्टे याच विचाराचा विस्तार होत. संज्ञा नवी असली तरी तिच्या मुळाशी असलेला व्यवहार आपल्या सह्याद्रीच्या कातळात सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी कोरला गेला आहे. त्या व्यवहाराचे नाव 'अखयनिवी', संस्कृतात 'अक्षयनीवी'. नीवी म्हणजे मूळ भांडवल. ज्याचे मूळ कधी मोडावयाचे नाही, केवळ वाढ उपभोगावयाची, असे दान म्हणजे अखयनिवी. प्राचीन लेखांत आधुनिक पर्यावरणशास्त्र शोधून काढण्याचा आमचा हेतू नाही. मूळ अक्षय राहण्यास कोणत्या अटी लागतात, एवढेच आम्ही येथे पाहणार आहोत.

नाशिकजवळील तिरण्हु म्हणजे त्रिरश्मी डोंगरातील दहाव्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा वर्ष ४२ चा लेख आहे. भिक्खुसंघास लेणे दान देऊन तो ३,००० कार्षापणांची अखयनिवी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवतो. लेखात श्रेणीस 'निकाय' आणि विणकरांस 'कोलिक' म्हटले आहे. एका निकायाकडे २,००० कार्षापण शेकडा एक या दराने, तर दुसऱ्याकडे १,००० कार्षापण शेकडा पाऊण या दराने ठेवले आहेत. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे आहेत. हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दर दरमहाचा धरला तर २,००० वर वर्षाचे व्याज २४० होते आणि २० भिक्खूंचे प्रत्येकी १२ प्रमाणे देणेही २४० च होते. एकही कार्षापण मुळातून काढावा लागत नाही, एकही शिल्लक राहत नाही. मुद्दल परत द्यावयाचे नाही, वृद्धी मात्र उपभोगावयाची, या अर्थाचे 'अपडिदातवा वढिभोजा' हे शब्द लेखात स्पष्ट आहेत. हा व्यवहार निगमसभेत ऐकविला गेला आणि दप्तरी नोंदविला गेला, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे विणकराला धंद्यासाठी भांडवल मिळाले, भिक्खूला वस्त्र मिळाले आणि व्यवहार दहा लोकांच्या देखत झाला.

धनाच्या बाबतीत जो नियम, तोच पाणी आणि झाडे यांच्या बाबतीत दिसतो. कान्हेरी आणि जुन्नर येथील लेखांत पाण्याच्या टाक्यास 'पोढी' हा शब्द येतो. चार महिन्यांचा पाऊस कातळात कोरलेल्या पन्हळींनी पोढीत उतरवावयाचा आणि उरलेले आठ महिने त्यावर भागवावयाचे, अशी ही योजना होती. कान्हेरीस कल्याणच्या एका सोनाराने पोढी दिली. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने दोन दिल्या. जुन्नरच्याच एका लेखात आडुथुम नावाचा शक उपासक करंजांसाठी २० आणि वडांसाठी ९ निवर्तने जमिनीचा उल्लेख करतो. झाडे लावण्यासाठी दिलेले हे दान असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. दात्यांची नावे पाहिली की आणखी एक गोष्ट ध्यानी येते. कार्ल्यास सुतार आहे, कुड्यास माळी आहे, ठिकठिकाणी भिक्खुणी आणि गृहिणी आहेत. यवन आणि शक तर परके मानले गेलेले लोक. पोढी खोदणाऱ्याची जात तेथे कोणी विचारली नाही.

हा योगायोग नव्हे. दीघनिकायातील कूटदन्तसुत्तात त्यामागील विचार आलेला आहे. राज्यात चोऱ्या-दरोडे वाढले असता राजाने दंड आणि वध यांचा मार्ग धरू नये, असे पुरोहित राजास सांगतो. शेतकऱ्यास बी-बियाणे आणि चारा, व्यापाऱ्यास भांडवल, राजसेवकास अन्न आणि वेतन द्यावे, म्हणजे लोक आपापल्या कामात गुंततील आणि राज्य निर्भय होईल. त्यानंतर जो यज्ञ होतो त्यात पशू मारले जात नाहीत, यूपासाठी झाडे तोडली जात नाहीत, दास-कामकऱ्यांना दंडाच्या भयाने राबविले जात नाही. ज्यांना आपण आज संवर्धन, समता आणि शांती अशी तीन नावे देतो, त्या तिन्ही गोष्टी या एकाच कथेत एकमेकींच्या आधाराने उभ्या आहेत. यांपैकी एक काढून घेतली की उरलेल्या दोन टिकत नाहीत.

शांतीचा आधार गेला म्हणजे काय होते, याचा पुरावा पुन्हा नाशिकलाच मिळतो. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या नहपानाच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे. आपल्या १८ व्या वर्षी त्याने अपरकखडी गावातील, पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत तिरण्हूच्या भिक्खूंना दिले. परंतु वर्ष २४ च्या लेखात तो आणि राजमाता गोवर्धनच्या अमात्याला कळवितात की, कखडी गावातील ते शेत कसले जात नाही आणि गावात वस्तीही नाही; सबब नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने द्यावीत. गाव का उठले हे लेख सांगत नाही. पण सत्तांतराच्या लढाईनंतर थोड्याच वर्षांत ते उठले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. राजाने दिलेले दान दगडावर कोरले होते. ते कसणारी माणसेच राहिली नाहीत, तेव्हा दगड काय करणार?

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेला कलह आपल्या वाचकांस परिचित आहे. धम्मपद-अट्ठकथेनुसार जेठ महिन्यात पिके सुकू लागली, बांधातील पाणी दोघांना पुरेना आणि शेतावरील कामकऱ्यांचे भांडण राजकुळांच्या शस्त्रांपर्यंत गेले. पाण्याचे मोल अधिक की माणसांचे, असे विचारून तथागतांनी ते मिटविले. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हाच कलह सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला. त्यात सिद्धार्थ शाक्यसंघापुढे उपाय ठेवतो : दोन्ही पक्षांनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि वाद मिटवावा. पाणी वाटण्याचा प्रश्न शस्त्राकडून सभेकडे नेणारा हा मार्ग आहे.

समतेचा आधार नसला तर काय होते, हे महाडने दाखविले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्याबद्दल आपल्या लोकांना मार खावा लागला आणि न्यायालयातील निकालासाठी १९३७ उजाडावे लागले. त्या तळ्यात पाणी आटले नव्हते. तळे राखले गेले होते; वाटले गेले नव्हते. केवळ संवर्धनाने शाश्वतता येत नाही, हे सांगण्यास याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आज आपल्या जमिनीखालचे पाणी हीच आपली सर्वांत मोठी नीवी आहे. दरवर्षी मुरणारा पाऊस हे तिचे व्याज आणि खोल थरांत साठलेले पाणी हे मूळ. विंधनविहीर अधिकाधिक खोल नेणे म्हणजे मूळ मोडणे होय. आणि ज्याची जमीन त्याचे पाणी हा व्यवहार चालू असेपर्यंत, ज्या भूमिहीन कुटुंबांत आपल्या समाजाची मोठी संख्या आहे, त्यांच्या वाट्यास टँकरची रांगच येणार. म्हणून उसाला किती आणि पिण्याला किती, हा प्रश्न ग्रामसभेत, सर्वांच्या देखत, हिशेबासह ठरला पाहिजे. निगमसभेत ऐकविलेल्या त्या जुन्या लेखाचा आजचा अर्थ आमच्या मते हाच आहे.

आपली विहारे या कामी मागे राहण्याचे कारण नाही. विहाराच्या छपरावरचे पाणी साठविणारी एक टाकी, आवारातील चार वड-करंज आणि त्यांच्या देखभालीसाठी मूळ न मोडता केवळ व्याजावर चालणारा एक लहानसा निधी, एवढे प्रत्येक विहारास शक्य आहे. त्या टाकीचे पाणी गावातील कोणासही, जात न विचारता, मिळावे, ही मात्र पहिली अट असावी.