अवध अखबार आणि विद्येचे आश्रयदाते

लखनौ म्हटले की आपल्याला नवाब आठवतात, ठुमरी आठवते, कथ्थक आठवते. त्या शहराच्या छापखान्याचा इतिहास मात्र महाराष्ट्रात फारसा कोणी सांगत नाही. वृत्तपत्राने शाळेची बातमी द्यावी, नव्या विद्येची ओळख करून द्यावी, पण त्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न तेथे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी फार उघडपणे उभा राहिला होता.

1856 साली वाजिद अली शाहाची गादी गेली. पाठोपाठ 1857 चे युद्ध झाले आणि शहर उद्ध्वस्त झाले. दरबाराच्या आश्रयावर जगणाऱ्यांत कातिब, म्हणजे सुंदर हस्ताक्षरात ग्रंथ उतरवणारे लेखक, पुष्कळ होते. त्यांची विद्या पिढीजात, पण आता ती विकत घेणारा उरला नाही. अशा वेळी, 1858 च्या अखेरीस, आग्र्याच्या कॉलेजात शिकलेला आणि लाहोरच्या 'कोह-ए-नूर' छापखान्यात उमेदवारी केलेला बावीस वर्षांचा तरुण लखनौस आला. त्याचे नाव मुन्शी नवलकिशोर. त्याने शिळाप्रेस घातला आणि लगोलग 'अवध अखबार' हे उर्दू साप्ताहिक सुरू केले.

शिळाछाप आपल्याला परकी नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली पंचांग छापले ते शिळेवरच. परंतु मराठीला पुढे बालबोध खिळे सोयीचे झाले. उर्दूची नस्तालीक लिपी तिरकी उतरत जाते, अक्षर अक्षरात गुंतते. खिळ्यांना ती वळण देईना. म्हणून कातिब स्निग्ध शाईने, खळ दिलेल्या कागदावर मजकूर लिही. तो कागद दगडावर दाबला की अक्षरे उलटी उमटत. दगड ओला केला म्हणजे छपाईची शाई केवळ अक्षरांना चिकटे, आणि कागदावर पुन्हा सुलटा मजकूर येई. चूक राहिली तर ती दगडावरच सुधारायची, तीही उलट्या अक्षरांत. हे काम करणाऱ्यास संगसाज म्हणत. जुन्या कसबाच्या माणसांनी नवे तंत्र शिकून घेतले, तेव्हा कोठे छापखाना उभा राहिला. पुढे शेकडो माणसे तेथे कामास लागली. कारागिरांचे शिक्षण हा शब्द त्या काळी कोणी वापरला नसेल, पण गोष्ट तीच होती.

या सर्वांचे वेतन केवळ वर्गणीदारांच्या पैशावर निघणे कठीण होते. सरकारी छपाई आणि शाळांची क्रमिक पुस्तके हा छापखान्याचा मोठा आधार. आधार म्हटला की दोरी आलीच. शेजारच्या काशीत भारतेंदु हरिश्चंद्रांच्या 'कविवचनसुधे'च्या प्रती सरकार विकत घेत असे. पत्राचा सूर बोचू लागला तशी ती खरेदी बंद पडली. आपल्या बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' 1832 मध्ये निघाले आणि 1840 मध्ये थांबले. पत्र चालवणे हा तेव्हा तोट्याचाच धर्म होता.

लखनौत दुसरा आश्रय होता तालुकदारांचा. युद्धानंतर जमिनी परत मिळालेल्या या जमीनदारांनी 1861 मध्ये आपली संस्था काढली. तिचे चिटणीस दक्षिणारंजन मुखर्जी हे बंगाली गृहस्थ. कलकत्त्यास डिरोझिओच्या शिष्यवर्गात वाढलेले, बेथ्यून यांच्या मुलींच्या शाळेसाठी जागा देणारे. 'लखनौ टाइम्स' आणि 'समाचार हिंदुस्तानी' ही पत्रे त्यांच्याच उद्योगातून निघाली. 1862 मध्ये लॉर्ड कॅनिंग वारले, तेव्हा तालुकदारांनी त्यांच्या स्मारकासाठी वसुलावर शेकडा अर्धा रुपया देण्याचे ठरवले. त्यातून 1 मे 1864 रोजी अमीनुद्दौलांच्या वाड्यात कॅनिंग कॉलेज उघडले. पुढे 1920 च्या कायद्याने स्थापन झालेल्या लखनौ विद्यापीठाचे मूळ ते हेच. देणगी खरी होती, विद्याही खरी होती. मात्र जमीनदारांच्या कृपेतील पत्राने कुळांच्या मुलांची बाजू किती पोटतिडकीने मांडली असती, याविषयी मला शंका वाटते.

आता पैशाने विकत घेता न येणारी गोष्ट पाहा. त्याच कॉलेजात काही काळ शिकून, पदवी न घेताच बाहेर पडलेला एक काश्मिरी पंडित, रतननाथ 'सरशार'. त्याने जिल्ह्याच्या शाळेत मास्तरकी केली, इंग्रजीतील शास्त्रीय ज्ञान उर्दूत आणण्याचा खटाटोप केला. 1877 मध्ये 'अवध अखबार' दैनिक झाले आणि पुढच्याच वर्षी नवलकिशोरांनी या मास्तराला संपादकाच्या खुर्चीवर बसवले. दुसरीकडे सज्जाद हुसेन यांचे 'अवध पंच' 1877 पासून या भारदस्त पत्राची यथेच्छ टवाळी करीत होतेच.

डिसेंबर 1878 पासून सरशारांनी अखबारातून 'फसाना-ए-आझाद' ही कादंबरी क्रमशः लिहिली; ती वर्षभर चालली. तीत लखनौचे ऐदी रईस, त्यांची अफू आणि त्यांची बटेरांची झुंज यांची हसत हसत हजेरी घेतली आहे. ज्या वर्गाच्या देणगीवर कॉलेज चालले, त्याच वर्गाच्या दिवाणखान्यात हे अंक वाचले जात असतील. नवलकिशोरांनी तो मजकूर अडवला नाही. पुढे पुस्तकरूपानेही तो त्यांच्याच छापखान्याच्या शिळांवरून उतरला.