दोष एकट्या जमिनीचा नव्हे

फ्लॅट बघायला गेलेल्या माणसाला बिल्डरच्या ऑफिसात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: ‘साहेब, पाया थेट पाषाणात नेलाय, भूकंपाची काळजी सोडा.’ याच वाक्याची दुसरी बाजू वर्तमानपत्रांतल्या लेखांत सापडते. अमुक शहर गाळावर, तमुक उपनगर भरावावर, म्हणजे जमीन हलली की तिथलं सगळं संपलंच. खडक तारतो आणि मऊ जमीन मारते, हे समीकरण इतकं मुरलंय की त्याला पुरावा मागायचं कुणाच्या मनातही येत नाही.

पुरावा नाही असं मात्र नाही. या पक्षाचा सर्वांत भक्कम साक्षीदार आहे मेक्सिको सिटी. १९ सप्टेंबर १९८५ च्या सकाळी पॅसिफिकच्या किनाऱ्याजवळ ८ तीव्रतेचा भूकंप झाला. राजधानी तिथून साडेतीनशे किलोमीटरहून दूर. शहराच्या दक्षिणेला लाव्हाच्या खडकावर विद्यापीठ आहे. तिथल्या यंत्रांनी जमिनीचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम ३ ते ४ टक्के नोंदवलं. त्याच शहरात, आटवलेल्या तेश्कोको सरोवराच्या गाळावर, दळणवळण मंत्रालयाच्या आवारात ते १७ टक्के भरलं. हजारो माणसं गेली, आणि पडझड जवळजवळ सगळी सरोवराच्या पट्ट्यातली. अंतर साडेतीनशे किलोमीटर, तरी हा हाहाकार. मग मऊ जमिनीची बाजू घ्यायची कुणी?

बाजू मीही घेत नाही. पण साक्षीदाराची उलटतपासणी करायला काय हरकत आहे? त्याच सरोवरावर, त्याच गाळावर उभी असलेली स्पॅनिश अमदानीतली जाड भिंतींची चर्चेस बहुतांशी टिकली. दोन-तीन मजली घरंही टिकली. १९५६ मध्ये पुरा झालेला ४४ मजल्यांचा तोर्रे लातिनोअमेरिकाना १९५७ चा भूकंप पचवून बसलेला होता. १९८५ मध्येही त्याला फारसं काही झालं नाही. कोसळल्या त्या मुख्यतः सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती. गाळच खुनी असेल, तर त्याने बळी असे निवडून का घेतले?

उत्तर काढायला शाळेतलं गणित पुरतं. दळणवळण मंत्रालयाच्या भागात मऊ थराची जाडी सुमारे ४० मीटर, आणि आडव्या हेलकाव्याच्या लाटा त्यातून सेकंदाला ८० मीटरच्या आसपास वेगाने जातात. जाडीची चौपट करून वेगाने भागा: २ सेकंद. एवढ्या वेळात तो थर एक हेलकावा पुरा करतो. हा त्याचा आवर्तकाल. इमारतीचा ढोबळ हिशेब मजल्यामागे एक दशांश सेकंदाचा, म्हणजे दहा मजल्यांना १ सेकंद. तडे जाऊ लागले की इमारत लवचीक होते, आवर्तकाल लांबतो आणि ती दोन सेकंदांच्या तावडीत जाऊन सापडते. झोक्याला नेमक्या वेळी दिलेला हलका धक्काही तो उंच नेतो, तसं मग प्रत्येक हेलकावा आधीच्यात भर घालत जातो. तीन मजली घर या तालाच्या अलीकडे राहिलं आणि तोर्रे बराच पलीकडे. अनुनाद म्हणतात तो हाच, आणि त्याला दोन पक्ष लागतात.

शिवाय हा गाळ जगावेगळा आहे. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली ही माती. तिच्यातलं पाणी वजनाने कोरड्या मातीच्या दोन ते चार पट भरतं. इतकी ओली असूनही ती जोराच्या हेलकाव्यातही रबरासारखी वागते, ऊर्जा फारशी गमावत नाही. सर्वसाधारण चिकणमाती अशी नसते. जोर वाढला की ती शिथिल होते आणि आलेली बरीच ऊर्जा घर्षणात खर्च करते. म्हणजे पाठ्यपुस्तकांनी नियम म्हणून जे उदाहरण घेतलं, ते मुळात अपवादाचं होतं.

बरोबर ३२ वर्षांनी, १९ सप्टेंबर २०१७ ला, भूकंपाची वार्षिक रंगीत तालीम आटोपून दोन-एक तास होत नाहीत तोच मेक्सिको सिटी पुन्हा हादरली. या खेपेला तीव्रता ७.१, केंद्र अवघ्या १२० किलोमीटरवर, आणि लाटा जलद हेलकाव्यांच्या. सर्वांत खोल गाळावरच्या उंच इमारतींना १९८५ पेक्षा कमी झळ लागली. पडल्या त्या सरोवराच्या पश्चिम कडेला, जिथे थर पातळ आणि आवर्तकाल एक-दीड सेकंदाचा आहे तिथल्या. आणि त्याही चार ते सात मजल्यांच्या. ‘जितकी मऊ तितकी वाईट’ या नियमाने हा नकाशा काढून दाखवावा.

त्याहून जुना दाखला टोकियोचा आहे. १९२३ च्या महाभूकंपात सखल, गाळाच्या भागात लाकडी घरं अधिक पडली. इथवर रूढ मत खूश. पण जाड मातीच्या भिंतींची कोठारं उंचावरच्या टणक जमिनीवर अधिक फुटली. लाकडी घर सैल, सावकाश हलणारं, कोठार ताठ. एकाच शहरात, एकाच दिवशी, टणक जमीन एकाला मानवली आणि दुसऱ्याला भोवली.

धक्का फारच मोठा असला तर मऊ जमीन त्याची धार कमीही करते. जपानमधल्या कोबेच्या बंदरातल्या पोर्ट आयलंड या भरावाच्या बेटावर भूगर्भात वेगवेगळ्या खोलीवर यंत्रं पुरलेली होती. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात ८३ मीटर खोलीवर आडवं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या दोनतृतीयांशाहून थोडं जास्त होतं. पृष्ठभागावर पोचेपर्यंत ते निम्म्यावर आलं. मधला भराव पाण्याच्या दाबाने पातळ झाला आणि त्याने लाटेचा जोर खाऊन टाकला. याची किंमत वेगळ्या खात्यात पडली: धक्क्याच्या भिंती कित्येक मीटर समुद्राकडे सरकल्या, जमीन खचली. म्हणून ‘मऊ जमीन गादीसारखी सांभाळते’ हा उलट भाबडेपणाही मला मान्य नाही. सौम्य धक्का ती वाढवते हे खरंच आहे, आणि मोठा भूकंप जवळ होण्यापेक्षा मध्यम धक्का दुरून येण्याचाच संभव बहुतेक शहरांना जास्त असतो. पूर्वपक्षाला एवढं श्रेय द्यायलाच हवं. त्यापलीकडचं ते मागतात, ते मिळणार नाही.

गंमत म्हणजे आपली स्वतःची भूकंपरोधक बांधकामाची संहिताही त्यांच्या बाजूची नाही. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीतला आलेख उघडून पाहा. खडक, मध्यम माती आणि मऊ माती अशा तीन रेषा आहेत, आणि ०.४ सेकंदापर्यंत त्या एकमेकींवर बसलेल्या आहेत. म्हणजे तीन-चार मजल्यांपर्यंतच्या ताठ बांधकामाला संहिता जमिनीवरून सवलतही देत नाही आणि दंडही लावत नाही. रेषा फाकतात त्या पुढे. एका सेकंदाला मऊ मातीचं बळ खडकाच्या १.६७ पट धरलं जातं. रोज हा आलेख वापरणारेच ‘खडक म्हणजे निर्धास्त’ म्हणतात, याचं मला नवल वाटतं.

किल्लारीच्या भूकंपाकडेही याच नजरेने बघावं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जी गावं जमीनदोस्त झाली, त्यांच्याखाली दख्खनचा बेसाल्ट आहे, वर काळी माती; गंगेच्या खोऱ्यातला शेकडो मीटरचा गाळ तिथे नाही. माणसं मेली ती दगड-मातीच्या रुंद भिंतींखाली आणि माळवदाच्या ढिगाऱ्याखाली. भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर, आणि त्यांना आरपार सांधणारा लांब दगड क्वचितच घातलेला. हलताच बाहेरचा थर सुटला आणि छप्पर खाली आलं. अशी भिंत ताठ असते आणि तिला जलद धक्का सोसत नाही. टणक जमिनीवर, केंद्राजवळ धक्के जलदच येतात.

मुंबईत खाडीकाठची चिकणमाती पुष्कळ ठिकाणी पाच-दहा मीटरच जाड असते आणि खाली लगेच खडक. १० मीटर जाडी आणि सेकंदाला १०० मीटर वेग धरला, तर आवर्तकाल निघतो ०.४ सेकंद. या जमिनीचा ताल चाळीस मजली टॉवरशी जुळणार नाही. जुळला तर शेजारच्या जुन्या चार मजली चाळीशी. भीती मात्र सगळी टॉवरची घालतात, आणि चाळीकडे पुनर्विकासाखेरीज कुणी बघत नाही.

राहिला बिल्डरचा पाया पाषाणात नेण्याचा, म्हणजे पाइलचा युक्तिवाद. पाइल खडकात रुतवली की इमारतीचं वजन खडकावर जातं, हे खरं. पण आडवा धक्का वरच्या मातीतूनच येतो, आणि हेलकावणारी माती पाइललाही ढकलते. जपानमधल्या निगाताला १६ जून १९६४ च्या भूकंपात वाळूचं पाणी-पाणी झालं. कावागिशी-चो वसाहतीतल्या चार मजली इमारती अंगावर फारसा तडा न जाता कलंडल्या; एक तर जवळजवळ आडवी झाली, आणि आतली माणसं खिडकीतून बाहेर येऊन भिंतीवरून चालत उतरली. त्याच शहरातली एनएचके या प्रसारणसंस्थेची इमारत मात्र पाइलवर उभीच राहिली आणि पुढे वीस वर्षं वापरात होती. नंतर तिच्याखाली खणलं, तर पाइल जमिनीखाली मोडलेल्या निघाल्या.

सॉइल टेस्टच्या रिपोर्टात आज दोन गोष्टी ठळक असतात: माती किती भार पेलेल आणि हार्ड स्ट्रेटा किती फुटांवर लागतो. दोन्ही उभ्या वजनाच्या. जमिनीचा आवर्तकाल मोजायला जपानच्या नाकामुरांनी १९८९ मध्ये रूढ केलेली साधी रीत आहे. रहदारी नि वाऱ्याने जमिनीला सतत होणारं बारीक कंपन एखाद्या संवेदकाने अर्धा तास टिपायचं, आणि त्याच्या आडव्या-उभ्या भागांचं गुणोत्तर काढायचं. खर्च एका बोअरपेक्षा जास्त नाही. तो आकडा आणि इमारतीचा आवर्तकाल, दोन्ही शेजारी-शेजारी छापलेले असले, तर बिल्डरच्या ऑफिसात पाषाणाची गोष्ट सांगणाऱ्याला निदान दुसरा प्रश्न विचारता येईल.