तलवारपटू हेलेन मेयर

इ. स. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचे नाव निघाले म्हणजे आम्हां खानदेशवासीयांस शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे स्मरण होते. कारण त्या मंडळाच्या तरुणांनी त्याच प्रसंगी तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. धुळ्या-जळगावाकडे ज्यांनी दांडपट्ट्याचे हात पाहिले आहेत, त्यांस या अभिमानाचे कारण सांगावयास नको. परंतु त्याच बर्लिनमध्ये एका तलवारबाज स्त्रीची जी परीक्षा झाली, तिची कथा आपणांकडे क्वचितच सांगितली जाते.

हेलेन मेयर हिचा जन्म १९१० साली जर्मनीतील ऑफेनबाख येथे झाला. पिता यहुदी डॉक्टर, माता ख्रिस्ती. ‘फॉइल’ हे हलके, लवचीक हत्यार तिचे. त्यात धारेच्या वारास किंमत नाही. टोकाचा स्पर्श, तोही धडावर झालेला, तेवढाच मोजावयाचा. १९२८ साली ॲमस्टरडॅम येथे, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, तिने सुवर्णपदक मिळविले आणि ती साऱ्या जर्मनीची लाडकी झाली.

१९३३ साली हिटलरच्या हाती सत्ता आली, तेव्हा ती अमेरिकेत शिकत होती. ऑफेनबाखच्या तिच्याच क्लबाने पित्याच्या वंशाकरिता तिचे नाव कमी केले. पुढे अमेरिकेत बर्लिनवर बहिष्कार घालण्याची चळवळ उठताच, आपल्या निःपक्षपाताचा दाखला म्हणून त्याच राजवटीस ही कन्या हवीशी झाली. उंच उडी मारणाऱ्या ग्रेटेल बर्गमन या यहुदी तरुणीस मात्र ऐन वेळी वगळण्यात आले. हेलेन आली, तिने रौप्यपदक जिंकले आणि व्यासपीठावर हिटलरी सलामीसाठी हात पुढे केला. सुवर्णपदक जिंकणारी हंगेरीची इलोना एलेक हीही यहुदी पित्याचीच कन्या होती!

त्या सलामीबद्दल हेलेनला दोष देणे सोपे आहे. तिची आई व भाऊ जर्मनीतच होते, हे ध्यानी घेता आमची जीभ अडखळते. परंतु तीस सर्वस्वी निर्दोष म्हणण्यासही ती धजत नाही.

पुढील वर्षी ती पॅरिस येथे जगज्जेती झाली. अमेरिकेचे अजिंक्यपद तर तिने आठ वेळा मिळविले. १९५२ साली मायदेशी परतून तिने विवाह केला आणि १९५३ साली ती कर्करोगाने वारली.

आपणांस लागलेला स्पर्श खेळाडूने स्वतःच कबूल करावा, असा तलवारबाजीत जुना शिष्टाचार आहे. १९३३ साली हेलेनला वर्मी वार लागला होता. तीन वर्षांनी वार करणाऱ्यासच तिने जगासमोर सलामी दिली. धडाचे रक्षण करण्याची विद्या तीस पूर्ण अवगत होती. मानाचे रक्षण कसे करावे, हे कोणताही गुरू शिकवीत नाही.