मुरंब्याचे भटकर आणि चौसष्ट प्रोसेसर

अकोल्याहून अमरावतीला निघालं की वाटेत मूर्तिजापूर लागतं. आपण सगळे तिथून कितीदा गेलो असू! त्याच तालुक्यातल्या मुरंबा गावी १९४६ साली डॉ. विजय भटकर यांचा जन्म झाला. आपण सहावीत होतो त्या वर्षी, म्हणजे १९९१ मध्ये, त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. मला हे कळलं ते थेट इंजिनिअरिंगला गेल्यावर.

हवामानाच्या अंदाजासाठी अमेरिकेने आपल्याला क्रे संगणक दिला होता. त्याहून ताकदवान यंत्र मात्र नाकारलं. म्हणून १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली. एकच अतिवेगवान प्रोसेसर आणायचा कुठून? मग ‘परम’मध्ये ‘ट्रान्सप्युटर’ नावाचे ६४ छोटे प्रोसेसर जोडले. प्रत्येकाची मेमरी वेगळी. काम वाटून घ्यायचं आणि एकमेकांना निरोप धाडायचे.

कापसाची वेचणी आठवा. चार बाया होत्या तिथे चाळीस लावल्या तर वावर लवकर उलगतं खरं, पण संध्याकाळी काटा एकच! सगळ्या तिथे रांगेत. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हेच केलं. चाळीस मशीन लावली आणि काम चौपट वेगानेही होईना, कारण सगळी एकाच डेटाबेसपाशी खोळंबली होती. मोजायला काटे किती नि निरोप किती, हे आधी ठरवावं लागतं. ‘परम’च्या मंडळींना ते १९९१ मध्येच सोडवावं लागलं होतं.

आजच्या बुद्धिमान यंत्रांचं गणितही तेच आहे. मोठं मॉडेल एका चिपवर मावत नाही. हजारो चिप थोडं थोडं शिकतात आणि प्रत्येक टप्प्यावर आपापल्या दुरुस्त्या एकमेकांना कळवतात. सी-डॅकचाच ‘परम सिद्धी’ २०२० मध्ये जगात ६३वा आला, तो अशाच कामासाठी बांधलेला.

मला मात्र पुढची पायरी जास्त महत्त्वाची वाटते. २०१७ मध्ये गूगलने फोनच्या कीबोर्डवर एक पद्धत वापरून पाहिली: टाइप केलेला मजकूर फोनमध्येच राहतो, फोन तिथल्या तिथे शिकतो आणि फक्त शिकलेलं तेवढं बाहेर पाठवतो. हीच पद्धत बोलीसाठी वापरली, तर दर्यापूर-अकोटच्या माणसांचा आवाज त्यांच्याच फोनमध्ये राहील आणि तरी यंत्राला वऱ्हाडी येईल. नाहीतर ज्यांचं बोलणं मोठ्या डेटा सेंटरपर्यंत पोचलं, त्यांचीच भाषा यंत्र शिकणार.

माझी आई फोनला ‘आज पानी येते काय गा?’ असं विचारते आणि तो भलतंच काही दाखवतो. मग ती घसा खाकरून, आपल्या मराठीच्या बाईंसारखं शुद्ध बोलते. उत्तर मिळतं. फोन ठेवल्यावर म्हणते, ‘याले आपलं समजतच नाई.’