न्यायमूर्ति महंमद हिदायतुल्ला : नागपूरचें न्यायासन व १९६९ ची राष्ट्रपतीची निवडणूक

न्यायाधीश कोणीं नेमावा, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. जुन्या दप्तरांतील महजर व निवाडपत्रें चाळणाऱ्या वाचकांस हें ठाऊकच आहे कीं, मराठी अमदानींत पंचाईत बसण्यापूर्वीं वादी व प्रतिवादी या दोघांकडूनहि राजीनामा लिहून घेत असत. पंच ठरवितील तें मान्य करूं, अशी ती लेखी कबुली होय. म्हणजे न्याय करणाराच्या अधिकारास कांहीं अंशीं पक्षकारांच्या संमतीचा आधार असे. याच्या अगदीं दुसऱ्या टोंकास अमेरिकेंतील मिसिसिपी संस्थान गेलें. तेथें इ. स. १८३२ मध्यें सर्वच न्यायाधीश मतदारांनीं निवडावेत असें ठरलें. पुढें इतर अनेक संस्थानांनीं तीच वाट धरली आणि जिल्ह्याच्या न्यायासनासाठींहि राजकीय पक्षांचे उमेदवार उभे राहूं लागले.

नागपुरास यांतील एकहि वाट लाभली नाहीं. इ. स. १८५४ मध्यें भोंसल्यांचें राज्य खालसा झालें, १८६१ मध्यें मध्यप्रांत बनला, आणि न्यायखात्याच्या शिरोभागीं ज्युडिशिअल कमिशनर आला. तो सरकारनें नेमलेला. ता. ९ जानेवारी १९३६ रोजीं नागपुरास हायकोर्ट स्थापन झालें व सर गिल्बर्ट स्टोन हे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. त्यांचीहि नेमणूक बादशहाच्या नांवें. तथापि या न्यायासनावर बसलेली मंडळी निवडणुकीच्या धुळीपासून अगदींच अलिप्त होती, असें समजणें चुकीचें होईल. न्या. भवानीशंकर नियोगी हे न्यायाधीश होण्यापूर्वीं नागपूर नगरपालिकेचे अध्यक्ष होते. परंतु न्यायासन व निवडणूक यांचा संबंध ज्यांच्या चरित्रांत सर्वांत विलक्षण रीतीनें आला, ते नागपूरचे न्यायाधीश म्हणजे महंमद हिदायतुल्ला होत.

त्यांचा जन्म ता. १७ डिसेंबर १९०५ चा, लखनौचा. शिक्षण रायपूर, नागपूरचें मॉरिस कॉलेज व केंब्रिज येथें झालें. १९३० मध्यें बॅरिस्टर होऊन ते नागपुरास वकिली करूं लागले. १९३१ ते १९३३ पर्यंत नगरपालिकेचे सदस्य होते. १९३५ पासून आठ वर्षें कायद्याच्या महाविद्यालयांत शिकवीत होते. १९४३ मध्यें ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे ॲडव्होकेट-जनरल, १९४६ मध्यें हायकोर्टाचे न्यायाधीश व डिसेंबर १९५४ मध्यें मुख्य न्यायाधीश झाले. ता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचना होऊन नागपूर मुंबई राज्यांत गेलें, आणि हिदायतुल्ला मध्यप्रदेशाचे मुख्य न्यायाधीश म्हणून जबलपुरास गेले. सर गिल्बर्ट यांच्यापासून चालत आलेलें नागपूरचें स्वतंत्र हायकोर्ट त्यांच्याच कारकीर्दींत संपलें. १९५८ च्या डिसेंबरांत ते सर्वोच्च न्यायालयांत दाखल झाले.

येथून पुढची हकीकत समजण्यास १९६७ सालाकडे वळलें पाहिजे. त्या वर्षींच्या एप्रिलांत सरन्यायाधीश के. सुब्बाराव यांनीं पद सोडलें व विरोधी पक्षांचे उमेदवार म्हणून राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविली. (राजीनामा या शब्दाचा जुना अर्थ मागें पडून तो पदत्यागास कसा लागला, हा कोशकारांचा विषय आहे, येथें तो नव्या अर्थानेंच घ्यावयाचा.) डॉ. झाकिर हुसेन यांस ४,७१,२४४ व सुब्बाराव यांस ३,६३,९७१ मतें मिळालीं. सरन्यायाधीशानें न्यायासनावरून उठून थेट पक्षीय झुंजींत उतरावें, हें त्या वेळीं पुष्कळांस रुचलें नाहीं, आणि माझ्या मतें तें न रुचणें योग्यच होतें. सुब्बाराव यांच्यामागून वांच्छू व त्यांच्यामागून, ता. २५ फेब्रुवारी १९६८ रोजीं, हिदायतुल्ला सरन्यायाधीश झाले.

ता. ३ मे १९६९ रोजीं झाकिर हुसेन कालवश झाले. उपराष्ट्रपति गिरी राष्ट्रपतीचें काम पाहूं लागले. परंतु ते स्वतःच उमेदवार होऊं पाहत होते. दोन्ही पदें रिकामीं पडल्यास काय करावें, हें घटनेनें स्पष्ट सांगितलेलें नव्हतें. सत्तराव्या कलमानें तें संसदेवर सोपविलें होतें. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस संसदेनें कायदा करून तो भार सरन्यायाधीशावर टाकला. ता. १९ जुलै रोजीं गिरी यांच्या सहीनें चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला, ता. २० रोजीं त्यांनीं पद सोडलें, आणि नागपूरचा हा जुना वकील राष्ट्रपतिभवनांत गेला. महिनाअखेर अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीस आले, तेव्हां त्यांचे यजमानहि तेच होते.

ही निवडणूक साधी नव्हती. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. स्वतंत्र म्हणून उभे असलेले गिरी. आणि जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांच्या पाठिंब्यानें चिंतामणराव देशमुख. देशमुखांची सनदी नोकरी याच मध्यप्रांतांत सुरू झाली होती, तेव्हां नागपूरकरांस तो उमेदवारहि परका नव्हता. ता. १६ ऑगस्ट रोजीं मतदान झालें. पहिल्या पसंतीचीं मतें गिरी यांस ४,०१,५१५, रेड्डी यांस ३,१३,५४८ व देशमुखांस १,१२,७६९ अशीं पडलीं. इतरांच्या दुसऱ्या पसंतीचीं मतें मिळवून गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा थोडक्या फरकानें विजयी झाले. काँग्रेस दुभंगण्याचें एक मोठें कारण ही निवडणूक होय. ता. २४ ऑगस्ट रोजीं हिदायतुल्ला आपल्या न्यायासनावर परतले.

सरन्यायाधीशाची ही योजना वरवर निर्दोष दिसते. पक्षांच्या भांडणांत राज्याचें शिखर तटस्थ माणसाच्या हातीं राहावें, हा तिचा हेतु. पण तिची किंमत थोडी नव्हती. वटहुकुमाच्या जागीं आलेल्या बँक-राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यास ता. ९ ऑगस्ट रोजीं राष्ट्रपतीची संमति मिळाली, आणि त्या दिवशीं राष्ट्रपतीचें काम हिदायतुल्ला पाहत होते! तोच कायदा पुढें सर्वोच्च न्यायालयापुढें आला. अकरा न्यायाधीशांचें पीठ बसलें, अध्यक्षस्थानीं न्या. शहा होते, व ता. १० फेब्रुवारी १९७० रोजीं दहा विरुद्ध एक अशा मतानें तो कायदा रद्द झाला. त्या पीठावर सरन्यायाधीशांचें नांव नाहीं, आणि तें नसणेंच उचित होतें. गिरी यांच्या निवडणुकीविरुद्धचे अर्जहि ज्या पांच न्यायाधीशांनीं ऐकले, त्यांतहि ते नव्हते. त्या खटल्यांत खुद्द राष्ट्रपति साक्षीस आले. अवघ्या पस्तीस दिवसांच्या राष्ट्रपतिकार्यामुळें त्या काळांतील एवढे महत्त्वाचे वाद सरन्यायाधीशावांचून निकालांत निघाले, ही गोष्ट कायदा करणारांनीं मनांत आणली होती असें दिसत नाहीं.

संस्थानिकांच्या तनख्यांच्या खटल्यांत मात्र ते बसले. राष्ट्रपति गिरी यांनीं सप्टेंबर १९७० मध्यें संस्थानिकांची मान्यता काढून घेणारा हुकूम काढला होता, ता. १५ डिसेंबर रोजीं न्यायालयानें तो अवैध ठरविला. दुसऱ्याच दिवशीं हिदायतुल्ला वयोमर्यादेनें निवृत्त झाले.

संग्राहकांसाठीं एक सूचना येथें करावीशी वाटते. त्यांचें ‘माय ओन बॉझवेल’ हें आत्मचरित्र इ. स. १९८० चें आहे, म्हणजे या घटनांनंतर दहा-अकरा वर्षांनीं प्रसिद्ध झालेलें. त्यांतील हकीकत रसाळ असली, तरी तारखांसाठीं भारत सरकारचें राजपत्र व सर्वोच्च न्यायालयाचे छापील निवाडे हेच प्रमाण धरावे. आत्मचरित्रकार आपल्याच खटल्यांत वकीलहि असतो आणि न्यायाधीशहि.

निवृत्तीनंतर आठ वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, १९७९ च्या ऑगस्टांत, हिदायतुल्ला उपराष्ट्रपति निवडले गेले. जनता पक्षाचें सरकार नुकतेंच कोसळलें होतें, तरी त्यांच्याविरुद्ध कोणी उभें राहिलें नाहीं. त्या वेळीं राष्ट्रपति होते नीलम संजीव रेड्डी, १९६९ मध्यें हरलेले तेच. ऑक्टोबर १९८२ मध्यें राष्ट्रपति झैलसिंग उपचारासाठीं परदेशीं गेले असतां ता. ६ ते ३१ पर्यंत हिदायतुल्लांनीं पुन्हा राष्ट्रपतीचें काम पाहिलें. या खेपेस न्यायासनाच्या नव्हे, तर निवडणुकीनें मिळालेल्या अधिकारानें.