पिस्तुलाचं नाक आणि नियमाची पेटी

पिस्तुलाचं नाक वर उडतं, कारण गोळीची वाट मुठीच्या वरून जाते. धक्का सरळ मागे येतो, पण त्याला अडवणारा हात असतो खाली. मग पिस्तूल मनगटाभोवती फिरतं आणि तोंड वर जातं. बॅरल जितकी उंच, तितकी उडी मोठी. पॉइंट टू-टूच्या काडतुसाचा धक्का तसा किरकोळच. पण रॅपिड फायर या नेमबाजी प्रकाराच्या शेवटच्या फेऱ्यांत चार सेकंदांत पाच वेगवेगळ्या निशाण्यांवर पाच गोळ्या मारायच्या असतात, तिथं तो किरकोळ राहत नाही.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं दुकान आहे. पोट पंपांच्या सुट्या भागांवर चालतं. नेमबाज पोरांसाठी पिस्तुलाला लावायची वजनं कातून देणं आणि लाकडी ग्रिप कानशीनं हाताजोगी करणं, हे माझं वेड. पोरं येतात आणि म्हणतात, "काका, रिकॉइल घालवून द्या." मी म्हणतो, बस आधी, हा धक्का घालवायच्या नादात भल्याभल्यांनी काय काय केलंय ते ऐक.

1936च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या सुमारास जर्मनीच्या वॉल्थर कारखान्याचं 'ऑलिम्पिया' पिस्तूल गाजलं. रॅपिड फायरचं सुवर्ण जर्मनीच्याच कोर्नेलियस फान ओयेननं नेलं. या पिस्तुलाच्या बॅरलखाली वजनं अडकवायची सोय होती. नाक जड केलं की ते सावकाश उडतं, आणि हाताची बारीक थरथरही निशाण्यावर कमी दिसते. युद्धानंतर स्वित्झर्लंडच्या हेमर्लीनं हाच साचा पुढं नेला. मी आज उद्यमनगरात कातून देतो ती वजनं याच घराण्यातली.

नाक जड करणं हा झाला एक मार्ग. सोव्हिएत कारागिरांनी वेगळाच विचार केला: बॅरल मुठीच्या वर असते हेच दुखणं आहे ना, मग तिला खाली आणा. त्यांचं एमत्स-3 'रेकॉर्ड' हे पिस्तूल म्हणजे नेहमीचं पिस्तूल उलटं धरल्यासारखं दिसतं. बॅरल इतकी खाली, की धक्का जवळजवळ हाताच्याच रेषेत येतो आणि तोंड वर जायला कारणच उरत नाही. 1956च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत नेमबाज ते घेऊन उतरले. गंमत अशी की सुवर्ण रुमानियाच्या श्टेफान पेत्रेस्कूनं नेलं. सोव्हिएत संघाच्या येव्गेनी चेर्कासोव्हला रौप्य मिळालं. तरी आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेनं नियम बदलले आणि ते पिस्तूल बाद झालं. मला विचाराल तर या धंद्यातली सर्वांत हुशार कल्पना तीच. कायमचा इलाज सापडला की नियमवाले जागे होतात, हे तेव्हापासून चालत आलंय.

पुढच्यांनी मग नियमात राहून बॅरल उतरवली. साठच्या दशकात वॉल्थरनं ओएसपी हे पिस्तूल काढलं. त्यात मॅगझिन मुठीतून काढून चापाच्या पुढं नेलं होतं. त्यामुळं मूठ हाताच्या आकाराची घडवायला मोकळी झाली आणि मॅगझिनचं वजनही पुढं गेलं. शिवाय रॅपिड फायरला तेव्हा टू-टू शॉर्ट हे दुबळं काडतूस चालायचं. बॅरलला वरच्या बाजूनं भोकं पाडायची, निसटता वायू वर उसळायचा आणि नाकाला खाली दाबायचा. अथेन्सच्या 2004च्या ऑलिम्पिकपर्यंत हे चाललं. 2005पासून शॉर्ट काडतूस बंद झालं, मनगटाला वेढणाऱ्या ग्रिपा बंद झाल्या आणि चापाला किमान 1000 ग्रॅमचा भार सक्तीचा झाला.

एअर पिस्तुलाचं दुखणं निराळं. जुन्या स्प्रिंगच्या पिस्तुलात छर्रा बाहेर पडायच्या आतच जड पिस्टन धडकतो. जर्मनीच्या डायनानं दोन पिस्टन विरुद्ध दिशांना पळवून एकाचा धक्का दुसऱ्यानं मारला. फाइनवेर्कबाउच्या 1965च्या मॉडेल 65 मध्ये वरचा सगळा सांगाडाच मुठीवर रुळातून मागं सरकतो. हाताला कळेपर्यंत छर्रा गेलेला असतो. त्या पिस्तुलाचं काम पाहून आजही मी टोपी काढतो.

आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून दुकानात या प्रकारातली पोरं वाढली. त्यातल्या रॅपिड टप्प्यात निशाणा तीन सेकंद समोर असतो, सात सेकंद नसतो, आणि दर गोळीला हात 45 अंशांच्या खालून उचलायचा असतो. इथं जड नाकाची दुसरी बाजू कळते: हात वर येतो, पण निशाण्यावर थांबत नाही, पुढं निघून जातो. दहा मीटरच्या एअर पिस्तुलाला सुखाचं वाटणारं वजन इथं घात करतं. म्हणून मी एका वेळी एकच तुकडा लावतो, तोही आधी बॅरलच्या मुळाशी, आणि पोराला म्हणतो, नाक किती उडालं ते बघू नकोस, परत कुठं येतं ते बघ. दर वेळी त्याच जागी परत येत असेल, तर उडू दे की. वाकडं परत येत असेल तर दोष बहुतेकदा ग्रिपचा. तिथं वजनं वाढवणं म्हणजे पैसे घालवणं.

कोणतंही वजन घ्यायच्या आधी काटा बघा. 25 मीटरचं पिस्तूल 1400 ग्रॅमच्या आत हवं आणि 30 बाय 15 बाय 5 सेंटीमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. सामन्यानंतर चिठ्ठ्या काढून तपासणी होते. तिथं पिस्तूल नियमात बसलं नाही तर गुण कितीही असोत, नेमबाज बाद होतो.